भरावाच्या जमिनीवरचे भांडवल : मुंबई, १८६३–६५

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील ग्रंथालयावर उभ्या असलेल्या राजाबाई टॉवरविषयी बरेच लिहिले गेले आहे, पण ते बहुधा वास्तुकलेच्या अंगाने. तो ज्या पैशातून उभा राहिला त्या पैशाचा इतिहास साहित्याच्या वर्गात कुणी सांगत नाही. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले ते १८६४ मध्ये. बांधकाम सुरू झाले १८६९ मध्ये आणि पुरे झाले १८७८ मध्ये. मधल्या काळात दात्याची पेढी कोसळली होती, ज्या बँकेत त्यांचा शब्द चाले ती बँक बुडाली होती आणि शहराची लोकसंख्या घटली होती. देणगी टिकली आणि ज्या व्यवहारातून ती आली तो व्यवहार संपला, असा हा उलटा प्रकार आहे.

या तेजीचे तात्कालिक कारण सर्वपरिचित आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसाकडे वळल्या. मुंबईत कापसाचा भाव काही पटींनी वाढला. परंतु केवळ पैसा आला म्हणून कंपन्या निघत नाहीत. त्यासाठी कायद्याची चौकट लागते. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना वाट करून दिली आणि १८६० मध्ये ती सवलत बँकांनाही मिळाली. भागीदाराची घरदारासकट जोखीम होती तोवर जी सावधगिरी स्वाभाविक होती, ती या सवलतीने सैल झाली. कापसाचा पैसा नेमका याच वेळी आला.

मुंबई गॅझेटियरच्या नोंदीनुसार जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’ आणि ८ जमीन कंपन्या होत्या. यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या संस्थांकडे आपले लक्ष जायला हवे. नावात वित्त असले तरी त्यांचा मुख्य धंदा इतर कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देणे, हाच होता. व्यवहाराची साखळी अशी असे : नव्या कंपनीची घोषणा होई, शेअरच्या दर्शनी किमतीचा थोडाच भाग आरंभी भरावा लागे, उरलेला कंपनी मागेल तेव्हा हप्त्याहप्त्याने. हातात पडलेला (पुष्कळदा अजून न पडलेला) शेअर अधिमूल्याने विकला जाई, किंवा तारण ठेवून त्यावर कर्ज काढले जाई, आणि त्या कर्जातून पुढच्या कंपनीचे शेअर घेतले जात. एकच रुपया चार ताळेबंदांत भांडवल म्हणून दिसे. कंपनीने वर्षभरात काय कमावले हा प्रश्न येथे गौणच होता, कारण भागधारकाची मिळकत शेअरच्या भाववाढीतून येत होती. आज कंपन्यांचे तिमाही निकाल बाजार डोळ्यांत तेल घालून वाचतो. त्या वेळी वाचण्याजोगे असे काही छापलेच जात नव्हते. शिवाय बरेचसे सौदे वायद्याचे असत. माल पुढे द्यायचा आणि पैसाही पुढेच.

सर्वांत मोठे नाव बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे. मलबार हिल ते कुलाबा या पश्चिमेकडील उपसागराच्या काठाने समुद्र हटवून जमीन तयार करायची आणि ती विकायची, अशी तिची योजना. पाच हजार रुपये भरलेला तिचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, हे वारंवार सांगितले जाते. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. जी जमीन भरतीच्या वेळी पाण्याखाली असे, तिच्यावरील भावी घरांच्या भावी भाड्याची ही आजची किंमत होती. एल्फिन्स्टन कंपनी, माझगाव, कुलाबा, फ्रीअर ही इतर जमीन कंपन्यांची नावे. त्यांतील एल्फिन्स्टन कंपनीने पूर्वेकडे प्रत्यक्ष भराव घातला होता, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

या साऱ्याच्या मध्यभागी बँक ऑफ बॉम्बे होती. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचे भांडवल होते आणि संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधीही. १८६३ मध्ये तिची सनद बदलली, जुनी बंधने सैल झाली आणि शेअरांच्या तारणावर मुक्त हस्ताने कर्जे दिली गेली. प्रेमचंदांच्या शिफारशीला तेथे किती वजन होते, हे पुढे चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगापुढे आले. प्रेमचंदांना एकट्यालाच खलनायक ठरविण्याची प्रथा आहे; ती आम्हांला सोयीस्कर वाटते, खरी वाटत नाही. सरकारी प्रतिनिधी समोर बसलेले असताना कर्जे मंजूर होत होती.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची शरणागती झाली आणि कापूस उतरला. बहुसंख्य वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. त्या दिवशी जो तो दुसऱ्याकडून येणे असलेल्या पैशाच्या भरवशावर होता आणि पैसा कुणाकडेच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. बँक १८६८ मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. १८६४ च्या गणनेत शहराची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. कापसाच्या तेजीने ओढून आणलेली माणसे परत गेली होती.

हा सारा खेळ पारशी, भाटिया, गुजराती शेठियांचा होता, मराठी माणूस काठावर उभा होता, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण तिच्या आड येते. शिलालेख वाचणारा, कालिदासाच्या काळाची चर्चा करणारा हा विद्वान याच शेअरबाजारात आपली संपत्ती गमावून बसला. म्हणजे ज्ञानव्यवहार आणि सट्टा यांचे जग वेगळे नव्हते. एकाच घरात दोन्ही नांदत होती.

मग मराठी लेखनात हे का उतरले नाही? गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, म्हणजे तेजीचा कळस होण्याआधीचे. मराठी कादंबरी नुकतीच जन्मली होती : लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. तिच्या पाठोपाठच्या कादंबऱ्या राजपुत्र, अरण्ये, वियोग आणि पुनर्मीलन यांत रमल्या. इंग्रजीत ट्रॉलपने १८७५ मध्ये रेल्वे कंपनीच्या शेअरांवर, फ्रेंचमध्ये झोलाने १८९१ मध्ये बँकेच्या बुडण्यावर कादंबरी लिहिली. आपल्याकडचा सर्वांत परिचित वृत्तांत दिनशा वाच्छा यांचा, तोही १९१० मधला आणि इंग्रजीतला. संकटाच्या वेळी ते विशीत होते. वाचकवर्ग लहान होता, लेखक नोकरदार होते, ही कारणे खरीच आहेत. पण आम्हांला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, सट्ट्याला आपल्या नीतिविचारात ‘जुगार’ हे तयार नाव होते, आणि नाव तयार असले की वर्णनाची गरज वाटत नाही. हप्ता, तारण, अधिमूल्य यांतून माणसे एकमेकांत कशी अडकतात, हे जुगार या शब्दात मावत नाही.

कंपन्या बुडाल्या, पण भराव वाहून गेला नाही. एल्फिन्स्टन कंपनी सरकारने विकत घेतली आणि तिच्या मालमत्तेतून १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. बॅक बेच्या काठावरील चिंचोळी पट्टी रेल्वेमार्गाच्या उपयोगी पडली. तीच योजना १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉईड यांच्या काळात सरकारी कर्ज काढून पुन्हा हाती घेतली गेली. पुन्हा खर्च हाताबाहेर गेला आणि खुर्शेद नरिमन यांनी तिच्यातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला. त्याच उपसागरात पुढे आणखी भराव घालून वित्तसंस्थांची उंच कार्यालये उभी राहिली, तेव्हा त्या जागेला नाव मिळाले ते याच नरिमन यांचे.