वाघ आणि वटवाघूळ : खानदेशातील दोन ‘उपद्रवी’

दोघांच्याही नावात ‘वाघ’ असला, तरी सस्तन असण्यापलीकडे या दोघांत साम्य थोडेच. एक रानात एकटा फिरणारा मांसाहारी. दुसरे झाडावर शेकडोंच्या वस्तीत उलटे लटकणारे, फळे आणि मकरंद खाणारे. तरीही माणसाने दोघांवर एकच शिक्का मारला : ‘उपद्रवी’.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा लढाया आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे मुलूख उजाड झाला होता. ओस पडलेल्या शेतांत रान माजले आणि तेथे वाघ आले. १८२२ साली हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे व २०,००० गुरे मारल्याचे जिल्हा गॅझेटियर सांगते. वाघ मारणाऱ्यास सरकार बक्षीस देई. धरणगावी भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत हजर होता. पुढे रान तोडून शेती वाढली आणि वाघ सातपुड्याकडे हटला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत खानदेशाशेजारचे मेळघाट होते. २०२२ च्या गणनेत देशात सुमारे ३,६८२ वाघ आढळले. तरीही जागतिक लाल यादीत वाघ ‘धोक्यात’ आहे.

त्याच कायद्याने फलाहारी वटवाघळांना मात्र उंदीर-कावळ्यांसोबत पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत बसवले. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची वगळली. १ एप्रिल २०२३ पासून हा शिक्का पुसला गेला. लाल यादीत मोठे वटवाघूळ ‘किमान चिंता’ या गटात आहे. पण मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, आणि सगळी वस्ती एखाद्या जुन्या वडा-चिंचेवर असते. ते झाड तोडले की शेकडो प्राणी एका दिवसात बेघर होतात.

वटवाघळाने खरोखर किती नुकसान केले? रावेर-यावलची केळी बाजारासाठी कच्चीच कापली जातात. वटवाघूळ शोधते पिकलेले फळ. बागेत काही नासाडी होतेही. पण हेच प्राणी रात्री मोहाच्या फुलांचे परागण करतात, वड-उंबराच्या बिया दूरवर टाकतात. म्हणजे वाघाने ज्या रानात आसरा घेतला, त्या रानाची लागवड करणाऱ्यालाच आपण पन्नास वर्षे उपद्रवी म्हणत होतो. ‘उपद्रवी’ हा प्राण्याचा गुण नव्हे. तो त्या त्या काळातल्या माणसाचा हिशेब असतो.

विद्यार्थ्यांसह गावातील वटवाघळांचे झाड शोधा. सूर्यास्तानंतर बाहेर पडणारी वटवाघळे दुरूनच मोजा. झाडाखालची उष्टी फळे मात्र हाताळू देऊ नका. पूर्वी अशी झाडे किती होती, हे गावातल्या वृद्धांना विचारा. त्यांच्या उत्तरांतून तुमच्या गावाचा एक न लिहिलेला इतिहास हाती येईल.