बॅकवॉटर
धरणाच्या भिंतीमागे नदीपात्रात व ओढ्यांच्या मुखांत दूरवर चढलेले पाणी. मूळ इंग्रजी शब्दाला ‘आडबाजूचा, मागे पडलेला मुलूख’ असाही अर्थ आहे. तो मराठीत आला नाही, आणि प्लॉटच्या जाहिराती पाहता येणारही नाही. केरळात हा शब्द किनाऱ्यालगतच्या सरोवरांना व कालव्यांना लावतात. भोर-वेल्ह्यात तो धरणांचाच: वेळवंडीवरील भाटघर (१९२८), नीरेवरील नीरा-देवघर, आंबीवरील पानशेत, मोसेवरील वरसगाव. उन्हाळ्यात पाणी ओसरले की भाटघरच्या पात्रातले कांबरेश्वर मंदिर उघडे पडते. ‘फुगवटा’ हा मराठी शब्द अधिक नेमका. पण रिसॉर्टच्या पाटीवर तो सहसा दिसत नाही.