परक्या मुळांवरची द्राक्षे

आपल्या मातीचा अभिमान कोणाला नसतो? पण फ्रान्समधल्या द्राक्षबागाईतदाराइतका तो क्वचितच कोणी जोपासला असेल. बोर्दोला काबर्ने सोव्हिन्यों आणि मर्लो, बर्गंडीला पिनो न्वार आणि शार्दोने, अशी वाणांची जणू वाटणीच तेथे झालेली आहे. १३९५ साली तर बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे हा भरघोस पिकणारा वाण उपटून टाकण्याचे फर्मान काढले. पुढे याच गामेने दक्षिणेकडे बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत नाव काढले, हा भाग निराळा!

या अभिमानाची कसोटी लागली ती एकोणिसाव्या शतकात. १८६० नंतर ऱ्होन नदीच्या खोऱ्यात वेली वाळू लागल्या. कारण कुणाला उमगेना. १८६८ साली माँपेल्ये येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ यांनी मुळे उकरून भिंगातून पाहिली, तो त्यांवर पिवळसर बारीक किडे दिसले. हाच फायलोक्झेरा. वेल मेली की कीड शेजारच्या जित्या वेलीकडे जाई. म्हणून मेलेल्या वेलीपाशी ती सापडत नव्हती. अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर ती आली होती.

सरकारने तीन लाख फ्रँकांचे बक्षीस लावले. मळ्यांत पाणी कोंडून झाले, जमिनीत औषधे सोडून झाली. खरा उतारा मिळाला तो किडीच्याच माहेरी. अमेरिकन वेलींची मुळे तिला दाद देत नाहीत. तेव्हा खुंट अमेरिकन आणि त्यावर कलम फ्रेंच वाणाचे! पण परक्या मुळाने आमची चव बाटेल, अशी ओरड झाली. बर्गंडीने या वेलींवरची बंदी उठवली ती १८८७ साली, बागा हातच्या जाऊ लागल्यावर.

सगळेच काही परत आले नाही. बोर्दोचा कार्मेनेर हा जुना वाण नव्या लागवडीत मागे पडला. कीड येण्यापूर्वी त्याच्या काड्या चिलीत गेल्या होत्या. तेथे तो मर्लो म्हणून नांदत होता. १९९४ साली फ्रेंच तज्ज्ञ बूर्सिको यांनी त्याला ओळखले.

आज फ्रान्समध्ये कोणत्या प्रदेशात कोणता वाण, हे कायद्याने ठरते. पण बहुतेक वेलींची मुळे अमेरिकन वंशाची आहेत. आपला नाशिक-सांगलीचा बागाईतदारही डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतो, आणि तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. मातीचा अभिमान अवश्य बाळगावा. पण वेल जगवायची तर परक्या मुळाचा आधार घेण्यात कमीपणा कसला?