तह, निवाडा आणि जागतिक व्यापार



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने जागतिक व्यापारव्यवस्थेच्या भवितव्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी अर्थशास्त्री नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न मला याच इमारतीत, ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी विचारला होता.

नववीच्या वर्गात सर आम्हांला इतिहास शिकवीत. एके दिवशी त्यांनी मला वसईच्या तहाची कलमे विचारली. ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव, तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, असे सारे मी घडाघडा म्हणून दाखवले. सर म्हणाले, "कलमे पाठ आहेत. आता सांग, उद्या तंटा उभा राहिला तर निवाडा कोण करणार?" मला उत्तर सुचले नाही. उत्तर त्या तहातच होते. निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्यांचे जे वाद होते, त्यांत इंग्रजांची लवादी पेशव्यांनी मान्य केली होती. सर म्हणाले, "तह करणाराच पंच झाला. पेशवाई त्या दिवशी गेली. १८१८ ही नुसती नोंद."

पुढे मोडी कागद वाचू लागलो, तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद जाई, तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघेही आधी 'राजीनामा' लिहून देत. आज त्या शब्दाचा अर्थ पद सोडणे असा झाला आहे. तेव्हा त्याचा अर्थ होता, होईल तो निवाडा आम्हांस मान्य आहे असे कबूल करणे. त्याबरोबर जामीन द्यावा लागे. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष 'यजितखत' लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे आपल्या हाताने कबूल करी. त्या न्यायव्यवस्थेत दोष पुष्कळ होते. जातीचे आणि वतनाचे वजन निवाड्यावर पडत असे. परंतु निवाड्याला बळ येते ते दोन्ही पक्षांनी आधी दिलेल्या संमतीतून, ही गोष्ट त्या माणसांना पक्की ठाऊक होती. जागतिक व्यापाराचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास मला याच दोन शब्दांच्या आधारे उलगडत गेला.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर अर्थव्यवस्थेचा आराखडा ठरला. तेथे गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. 'मेघदूता'चे मराठी पद्यरूप करणारा हा संस्कृतज्ञ त्या परिषदेत आकड्यांचा हिशेब मांडत होता, याचा आम्हां भाषेच्या लोकांना थोडा अभिमान वाटतो. त्या परिषदेतून नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्था निघाल्या. तिसरी संस्था व्यापाराची व्हायची होती. १९३० साली अमेरिकेने आयातशुल्के भरमसाट वाढवली, इतरांनी उलट वाढवली आणि मंदीच्या त्या काळात जगाचा व्यापार कोसळला, हा अनुभव ताजा होता. म्हणून १९४७-४८ च्या हिवाळ्यात हवाना येथे परिषद भरली आणि मार्च १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार संघटनेची सनद तयार झाली. त्रेपन्न देशांनी अंतिम मसुद्यावर सह्या केल्या. परंतु अमेरिकी काँग्रेस ती मंजूर करणार नाही हे दिसून आले, आणि १९५० च्या अखेरीस ट्रुमन सरकारने सनदेचा नाद सोडला. तिसरी संस्था जन्मलीच नाही.

उरला तो 'गॅट' हा तात्पुरता करार. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनिव्हा येथे तेवीस देशांनी त्यावर सह्या केल्या होत्या, आणि त्या तेविसांत भारत होता. एकाला दिलेली सवलत सर्वांना द्यायची, हे त्याचे पहिले कलम. या तात्पुरत्या कराराने सत्तेचाळीस वर्षे संसार केला आणि आयातशुल्के पुष्कळ खाली आणली. मात्र सरांच्या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नव्हते. तक्रार झाली तर तज्ज्ञांची समिती अहवाल देई. पण तो स्वीकारण्यास सर्वांची संमती लागे, आणि सर्वांत हरलेला पक्षही आलाच. आरोपीच्या संमतीवाचून निकाल लागू होत नसे.

आता मी आपल्या भागाकडे वळतो. १९८६ साली उरुग्वेत सुरू झालेल्या वाटाघाटींचा मसुदा गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मांडला, आणि 'डंकेल' हा शब्द चावडीचावडीवर पोहोचला. बेळगावात आम्हांला त्याच्या दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या. महाराष्ट्राकडून शरद जोशी बोलत होते. १९८१ च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनामुळे त्यांचा शब्द या जिल्ह्यात घरोघरी गेलेला होता. त्या आंदोलनात गोळीबाराने शेतकऱ्यांचे बळी घेतले, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. भारतीय शेतकऱ्याला अनुदान मिळत नाही, उलट सरकार भाव पाडून त्याच्याकडून उणे अनुदान वसूल करते, म्हणून बाजार खुला होऊ द्या, असे त्यांचे म्हणणे होते. कर्नाटकाकडून रयत संघाचे नंजुंडस्वामी सांगत होते की या मसुद्याने बियाणे कंपन्यांच्या हाती जाईल. १९९२ च्या अखेरीस त्यांच्या कार्यकर्त्यांनी बंगळूर येथील कारगिल कंपनीच्या कचेरीतले कागद बाहेर काढून जाळले. दोघेही शेतकऱ्यांचेच नेते, आणि दोघांचीही मते परस्परांच्या अगदी विरुद्ध.

मला येथे एक कबुली द्यायची आहे. त्या वेळी मी डंकेलविरोधी पत्रकावर सही केली होती. मसुदा मी वाचलेला नव्हता. पुढे निवृत्तीनंतर तो वाचला, तेव्हा ध्यानात आले की आम्ही सारे बियाण्यांवर आणि अनुदानांवर भांडत राहिलो, आणि वाद झाला तर निवाडा कोण करणार, या प्रकरणाचे पान कोणी उलटलेच नाही. सरांचा विद्यार्थी असून मीही उलटले नाही.

ते पानच सर्वांत क्रांतिकारक होते. १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेश येथे करार झाला आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. आता अहवाल नाकारायचा तर सर्वांची संमती लागणार होती. म्हणजे जिंकलेल्या पक्षानेही नको म्हटले पाहिजे. अपिलासाठी सात सदस्यांचे कायम अपील मंडळ नेमले गेले. माझ्या भाषेत सांगायचे तर सर्व सभासद राष्ट्रांनी, महासत्तांसह, आधीच राजीनामा लिहून दिला होता.

त्याची फळेही दिसली. अपील मंडळाचा पहिलाच निकाल १९९६ सालचा. व्हेनेझुएला आणि ब्राझील यांनी पेट्रोलच्या नियमांबाबत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली होती. अमेरिका हरली आणि तिने नियम बदलला. भारताने आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा खटला १९९९ साली गमावला आणि २००१ च्या एप्रिलपर्यंत ते निर्बंध उठवले. त्याच २००१ साली सुती चादरींच्या खटल्यात भारताने युरोपीय समुदायाला हरवले. आपण हरलो तेव्हा ऐकले आणि जिंकलो तेव्हा समोरच्याला ऐकावे लागले. बियाण्यांच्या बाबतीतही नंजुंडस्वामींची भीती वाया गेली नाही. करारात पर्यायाला जागा होती, ती वापरून २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा हक्क आपण सांभाळला.

निवाड्यालाही मर्यादा होती, हे सांगितले पाहिजे. अँटिग्वा आणि बार्बुडा या चिमुकल्या बेटांच्या देशाने ऑनलाइन जुगाराच्या प्रश्नावर अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला. २००७ साली त्याला वर्षाला दोन कोटी दहा लाख डॉलरपर्यंत प्रतिउपाय योजण्याची मुभा मिळाली. पण एवढ्याशा देशाने अमेरिकी मालावर जकात वाढवली तर अमेरिकेचे काय बिघडणार? निवाडपत्र हाती आले, वसुली झाली नाही. जामीन घेण्याची आपली जुनी रीत किती शहाणपणाची होती, हे अशा वेळी कळते.

चादरींच्या खटल्यातच पुढच्या संकटाचे बीज होते. परदेशी माल स्वस्तात ओतला जातो की नाही हे मोजताना, हिशेबात उलट बाजूला जाणारे व्यवहार शून्य धरण्याची एक रीत होती. ती अपील मंडळाने अमान्य केली. अमेरिकाही तीच रीत वापरत असे, आणि पुढे अशाच खटल्यांत ती पुन्हा पुन्हा हरली. मंडळ करारात नसलेली बंधने लादते, ठरलेली नव्वद दिवसांची मुदत पाळत नाही, आपल्या जुन्या निकालांना कायद्याचे वजन देते, अशा तिच्या तक्रारी होत्या. त्यांत तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यावर तिने योजलेला उपाय वेगळाच होता. २०१६ साली तिने एका सदस्याची फेरनेमणूक अडवली आणि २०१७ पासून सर्वच नेमणुका. १० डिसेंबर २०१९ रोजी दोन सदस्यांची मुदत संपली, त्यांतले एक भारताचे उजलसिंग भाटिया. अपील ऐकायला तिघे लागतात, उरला एक. नियमांचे पुस्तक जागेवर राहिले आणि न्यायाधीशाची खुर्ची रिकामी झाली.

तेव्हापासून एक विचित्र प्रथा पडली. ज्याच्याविरुद्ध निकाल लागतो तो नसलेल्या मंडळापुढे अपील करतो. अपील सुनावणीला येत नाही आणि निकाल लागू होत नाही. २०१८ साली लावलेल्या पोलाद-ॲल्युमिनियमवरील शुल्काच्या खटल्यांत अमेरिका २०२२ च्या डिसेंबरात हरली आणि तिने असेच अपील केले. यजितखत लिहायला आता कोणी बांधील उरलेले नाही.

मित्रहो, येथवर अमेरिकेला दोष देणे सोपे होते. पण आपण उसाच्या पट्ट्यात राहतो. या सभागृहातील कित्येकांची शिक्षणे उसाच्या बिलावर झालेली आहेत. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्या साखरेविरुद्ध तक्रार केली होती. उसाचा भाव सरकार ठरवत असले तरी पैसे कारखाने देतात, तेव्हा हे सरकारी अनुदान कसे, असा भारताचा युक्तिवाद होता. तो समितीने मानला नाही. २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, असा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये लागला. जानेवारी २०२२ मध्ये भारतानेही त्याच रिकाम्या खुर्चीपुढे अपील दाखल केले. कायद्याने तो आपला हक्क होता. उसाच्या भावाला बसणारा धक्का टळला, म्हणून मलाही हायसे वाटले. पण जे दुसऱ्याने केले म्हणून आपण रागावतो, तेच आपणही केले, हे आपण मनाशी मान्य केले पाहिजे.

आणि त्याची किंमत लवकरच दिसली. २०२५ साली अमेरिकेने देशागणिक निराळी शुल्के जाहीर केली. ऑगस्टअखेर भारताच्या पुष्कळशा मालावर ती पन्नास टक्क्यांपर्यंत गेली. सर्वांना सारखी वागणूक हे १९४७ चे पहिले कलम उघड उघड बाजूला पडले. अशा वेळी दाद मागण्यासाठी जिनिव्हाचे दार ठोठावून काय मिळणार होते? उरला तो एकेकट्याने बोलणी करण्याचा मार्ग, आणि एकेकट्याच्या बोलण्यांत वजन कोणाचे पडते हे वसईने आपल्याला शिकवले आहे.

मग सुधारणा कोणती? अनेक प्रश्न पडून आहेत. धान्यसाठ्यांसाठी दिलेला हमीभाव १९८६-८८ च्या किमतींशी ताडून पाहण्याचा अन्याय आजही कायम आहे. २०१३ साली बाली येथे त्यावर तात्पुरते संरक्षण मिळाले, कायमचा तोडगा ठरलेल्या मुदतीत निघाला नाही. विकसनशील म्हणवून सवलती कोणी घ्यायच्या, हा वाद आहे. एकशे सहासष्ट सभासदांच्या एकमताने निर्णय घ्यायचे की इच्छुकांनी पुढे जायचे, हाही आहे. या सर्वांत भारताने आपले म्हणणे ठामपणे मांडावेच. पण माझ्या मते पहिले पाऊल निवाड्याचे आहे. हमीभावाचा सर्वोत्तम करार उद्या झाला, तरी तो मोडल्यावर जायचे कोठे?

२०२० साली युरोपीय संघ आणि इतर काही देशांनी आपापसांत तात्पुरती लवादव्यवस्था उभी केली. भारत तीत गेला नाही. मूळ अपील मंडळच पूर्ववत झाले पाहिजे, ही त्याची भूमिका. भूमिका तत्त्वाला धरून आहे. परंतु तिला वजन यायचे असेल तर मंडळाची मुदत आणि अधिकार यांविषयीच्या रास्त आक्षेपांना उत्तर देणारा प्रस्ताव घेऊन भारताने पुढे व्हावे, आणि मंडळ बसेल त्या दिवशी साखरेचा खटला त्याच्यापुढे नेण्याची तयारी आधी जाहीर करावी. आपण हरूही शकू. तेव्हा ऊस उत्पादकाला सावरण्याची जबाबदारी सरकारने आजच ओळखून नियमांत बसणारे मार्ग शोधले पाहिजेत. तो भार एकट्या शेतकऱ्यावर पडता कामा नये. राजीनामा आधी लिहून देणाऱ्यालाच दुसऱ्याकडे तो मागण्याचा अधिकार पोहोचतो. तेवीस मूळ सह्यांत ज्या देशाची सही आहे, त्याला हे शोभून दिसेल.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मी देऊ शकलो नव्हतो. आज देतो. निवाडा अशा पंचाने करावा जो तहातला पक्ष नाही, आणि त्याच्यापुढे आपणही हरायला तयार असले पाहिजे. उत्तर द्यायला साठ वर्षे लागली, याबद्दल सरांनी मला क्षमा केली असती असे वाटते.