पोयसर ते दहिसर : वाटाड्यावाचून वाचावयाचा एक नदीकाठ

कांदिवलीपासून दहिसरपर्यंतच्या पट्ट्याचा प्राचीन इतिहास लिहू लागले म्हणजे अभ्यासकांची दृष्टी प्रायः कान्हेरीच्या डोंगरावर जाऊन स्थिरावते व तेथून सहसा खाली उतरत नाही. शंभरांहून अधिक लेणी, ब्राह्मी दानलेखांची मालिका, शिवाय इ. स. १००९ व १०२१ या वर्षांचे पहलवी लेख एवढे साहित्य एके ठिकाणी उपलब्ध असताना हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. तथापि त्याच डोंगरातून निघून पश्चिमेकडील खाड्यांना मिळणाऱ्या पोयसर व दहिसर या दोन लहान नद्यांच्या खोऱ्यांत कोरीव खडक, बौद्ध गुंफा, शैव लेणे, पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष आणि शिलाहारकालीन वीरगळ असे अवशेष विखुरलेले आहेत. ते एका दिवसात पायी पाहून होतील इतके जवळ आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे तो पायी हिंडणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने. असा वाचक वाटाड्या न घेता, हातात केवळ लिखित मजकूर घेऊन निघाला, तर त्यास वाट कोण दाखवील, हा येथील मुख्य प्रश्न होय.

हा प्रश्न मराठीस नवीन नाही. चौदाव्या शतकातील महानुभावीय ‘स्थानपोथी’ ही वस्तुतः याच गरजेतून निर्माण झाली. चक्रधरस्वामी जेथे जेथे बसले, निजले, जेवले ती स्थाने पुढील पिढ्यांतील अनुयायांना स्वतः शोधता यावीत म्हणून या ग्रंथात गाव, गावाची दिशा, देवळाचे तोंड कोणीकडे, त्याच्या कोणत्या अंगास कोणते स्थान, अशी नोंद केलेली आढळते. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या या ग्रंथाचा विचार आपण बहुधा भाषेच्या किंवा पंथेतिहासाच्या अंगाने करतो. परंतु त्याच्या वाक्यरचनेकडे लक्ष दिल्यास असे दिसून येते की, क्रियापदांना तेथे फारसे काम नाही. सारा भार दिशावाचक शब्दांवर आहे. प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य हयात नसताना जागा कशी सांगावी, याची ती एक शिस्तबद्ध रीत आहे, आणि देऊळ तिचे मूळ प्रमाण आहे.

आपल्या नदीकाठासाठी असा ग्रंथ निर्माण झाला तो १८८२ साली, इंग्रजीत आणि अगदी निराळ्या हेतूने. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा स्थलवर्णनाचा खंड आजही या भागात हिंडणाऱ्यास सर्वांत उपयुक्त आहे. त्यात देवळाची जागा रेल्वे स्थानकाने घेतली. अमुक टेकडी गोरेगाव स्थानकाच्या ईशान्येस सुमारे दोन मैल, तमुक गाव बोरिवली स्थानकापासून इतक्या अंतरावर, अशी त्याची पद्धत. कांदिवलीचे स्थानक विसाव्या शतकातले असल्यामुळे या वर्णनात ते येत नाही, आणि म्हणून कांदिवलीच्या अगदी शेजारची अकुर्लीही तेथे गोरेगावच्या आधाराने सांगावी लागली आहे. वाट सांगणाऱ्याचा संदर्भबिंदू बदलला की गावांची शेजारपणे कशी बदलतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अकुर्लीच्या दक्षिण टोकास असलेल्या या टेकडीस ‘पडण’ किंवा ‘पादण’ असे म्हणत. काळ्या खडकाच्या माथ्यावर पाउलांचे ठसे, काही चिन्हे व लहान लहान ब्राह्मी लेख कोरलेले असल्याचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दाखवून दिले. सोपारा व पडण येथील अवशेषांविषयीचा त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तोही गॅझेटिअरच्याच सुमारास. सोपारा येथील स्तूपाच्या उत्खननाची कीर्ती सर्वत्र झाली. पडणचे नाव मात्र त्या शीर्षकाच्या उत्तरार्धातच राहिले. माझ्या मते हा अन्याय आहे. येथे ना लेणे आहे, ना विहार, ना मूर्ती. उघड्या खडकावर कोणीतरी चिन्ह कोरले आणि त्याशेजारी ते चिन्ह काय आहे हे लिहून ठेवले. नंदीच्या पावलाजवळ ‘नंदिपद’ या अर्थाचा शब्द आहे. त्यातील ‘पद’ शब्दाचा मधला ‘द’ गळालेला असून, स्वरांमधील अल्पप्राण व्यंजन लोपण्याच्या ज्या प्राकृत प्रवृत्तीतून पुढे मराठी घडली तिची ती एक खूण समजावी. दुसऱ्या एका लेखात सिद्धांच्या वसतीचा उल्लेख भगवानलाल यांनी वाचला आहे. चिन्ह आणि त्याचा नामनिर्देश एकत्र असणे ही, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी केलेली तजवीज आहे. या परिसरातील सर्वांत जुना मार्गदर्शक फलक म्हणून पडणच्या खडकाकडे बोट दाखविण्यास मला संकोच वाटत नाही.

कांदिवलीचे प्राचीनत्व याहूनही मागे जाते. ब्रिटिश नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी येथील उघड्या पडलेल्या थरांत अश्मयुगीन हत्यारे शोधून काढली व १९३९ साली त्यांविषयी सविस्तर निबंध लिहिला. त्यांच्या काही निष्कर्षांवर उत्तरकालीन अभ्यासकांनी शंका घेतल्या. स. च. मलिक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई व सातारा भागांतील अश्मयुगीन अवशेषांच्या अभ्यासात हा विषय पुन्हा हाताळला. पायी हिंडणाऱ्यास मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. हत्यारे संग्रहांत गेली आणि थर इमारतींखाली.

नावांविषयी दोन शब्द येथेच सांगणे इष्ट. कांदिवली, बोरिवली, डोंबिवली यांतील ‘वली’ ही ‘पल्ली’ या शब्दाची परिणती असून स्वरांमध्ये आलेल्या ‘प’चा ‘व’ होणे नियमास धरूनच आहे. उत्तरपद असे स्वच्छ असताना पूर्वपदासाठी कांद्यांच्या वाफ्यात शिरण्याचा मोह टाळलेला बरा. मागाठाणे या नावाचे भाग्य याहून मोठे आहे, कारण त्याचे जुने रूप शिलेवर टिकून राहिले. कान्हेरीच्या दानलेखांत ‘मगलठाण’ या गावच्या शेताचे दान भिक्षुसंघास दिल्याचा उल्लेख येतो. ‘मंगलस्थान’ – ‘मगलठाण’ – ‘मागाठाणे’ ही परंपरा इतकी सरळ आहे की वर्गात उदाहरण म्हणून तीच द्यावी. म्हणजे डोंगरावरील संघाचा योगक्षेम खालच्या नदीकाठच्या शेतीवर चालत होता. मागाठाण्याच्या बौद्ध गुंफा साधारणतः सहाव्या शतकाच्या मानल्या जातात. त्या आज वस्तीने अशा वेढल्या आहेत की नकाशा हाती असूनही त्यांच्यासमोरून निघून जाणे सहज शक्य आहे. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

दहिसर नदीचा उगम तुळशी तलावापाशी होतो व ती मनोरीच्या खाडीस मिळते. तिच्या खोऱ्यात मंडपेश्वरचे लेणे आहे. हे सहाव्या शतकातील शैव लेणे असून त्यातील नटराजाचा शिल्पपट विशेष प्रसिद्ध आहे. लकुलीशाचे शिल्पही येथे असल्यामुळे पाशुपत संप्रदायाच्या कोकणातील प्रसाराच्या संदर्भात घारापुरी व जोगेश्वरी यांच्याबरोबर त्याचा विचार करावा लागतो. परंतु या दोहोंहून मंडपेश्वर वेगळे ठरते ते त्याच्या पुढील हजार वर्षांमुळे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने लेण्याचे ख्रिस्ती प्रार्थनागृहात रूपांतर केले. वरच्या खडकावर मठ व विद्यालय उभे राहिले. लेण्यातील एका भिंतीवरचे मूळ शिल्प नाहीसे करून तेथे मोठा क्रूस कोरलेला आजही दिसतो. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली व साष्टीतील पोर्तुगीज सत्ता संपली. पुढे इंग्रजी अमदानीत लेण्याचा ख्रिस्ती उपासनेसाठी पुन्हा उपयोग झाला. आज ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून गाभाऱ्यात शिवपूजाही चालते.

या घटनाक्रमाची हकीकत सांगताना एक पक्ष घेऊन बोलण्याची सवय आपल्याकडे आहे. क्रूस पाहून एकास विध्वंस दिसतो, तर दुसऱ्यास केवळ उत्क्रांतीचा टप्पा. शिल्प तासले गेले हे सत्य आहे व ते सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु क्रूस आता स्वतःच साडेचारशे वर्षांचा ऐतिहासिक पुरावा झाला आहे, हेही तितकेच सत्य होय. वाटाड्या बरोबर असला की या दोहोंपैकी एकच ऐकावयास मिळते. एकट्याने गेलेल्यास दोन्ही एकाच भिंतीवर पाहावी लागतात.

स्थळनामाच्या अंगाने मंडपेश्वर अधिकच मनोरंजक आहे. पोर्तुगीज लिखाणात ‘मंडपेश्वर’चे ‘मानापासेर’, ‘मोनपेझिर’ अशांसारखे उच्चार झाले. आज लेण्याच्या परिसरास ‘माउंट पॉइन्सर’ असेही म्हणतात. माझा तर्क असा की, ‘मंडप’चे ‘मोन’ झाले, ‘मोन’मध्ये पर्वतवाचक युरोपीय शब्दाचा भास झाला आणि त्यातून इंग्रजी ‘माउंट’ अवतरला. उरलेल्या ‘पेझिर’ला शेजारच्या ‘पोयसर’ने आपल्या नावाचे वस्त्र दिले. तर्क बरोबर असेल तर देवाचा मंडप पुसून तेथे एक पर्वत उभा राहिला, आणि तोही एका नदीचे नाव धारण करून. क्रूस कोरण्यास छिन्नी लागली. या फेरबदलास नुसती जीभ पुरली.

तेथून दक्षिणेस एक्सर गावाकडे वळले म्हणजे वीरगळ लागतात. गॅझेटिअरने अशा सहा शिळांचे वर्णन केले आहे. वीरगळ हे आपल्या भूमीतील सार्वजनिक शिल्प होय. ते गर्भगृहात नसते, उघड्यावर उभे असते, आणि त्याचा वाचनक्रम खालून वर जातो. तळाशी युद्ध, मध्ये अप्सरांनी वीरास नेणे, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. एक्सरच्या शिळांचे असाधारणत्व त्यांतील नाविक युद्धात आहे. डोलकाठ्यांची आणि वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे त्यांवर कोरली आहेत. यादव महादेव व उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात सुमारे १२६५ साली झालेल्या सागरी संग्रामाशी त्यांचा संबंध जोडण्यात येतो. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा निर्देश हेमाद्रीने केलेला आहे. काही अभ्यासक या शिळा त्याहून शतक-दोन शतके जुन्या मानतात. मला दुसरा पक्ष अधिक सावध वाटतो, कारण प्रसिद्ध लढाईस शिल्पे जोडण्याची ओढ फार बळकट असते. समुद्रावर मेलेल्या प्रत्येकाची लढाई ग्रंथात शिरली असेलच असे नाही.

२०२२ व २०२३ साली या भागात सुरू झालेल्या मेट्रो रेल्वेच्या दोन मार्गिकांवर अकुर्ली, पोयसर, मागाठाणे, मंडपेश्वर व एकसर अशी स्थानकांची नावे आहेत. बोरिवली, मालाड, गोरेगाव या रेल्वे स्थानकांच्या नावांखाली दबून गेलेली ही गावे दीड शतकानंतर पुन्हा संदर्भबिंदू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. गॅझेटिअरच्या वेळी स्थानकावरून गाव सांगावे लागे. आता गावानेच स्थानक ओळखले जाते. मात्र दररोज मागाठाण्यास उतरणाऱ्या प्रवाशास ‘मगलठाण’ कोणी सांगत नाही. प्रत्येक स्थानकाच्या भिंतीवर स्थानपोथीच्या रीतीने चार ओळी, म्हणजे स्थळ कोणते, कोणत्या दिशेस, किती पावलांवर आणि त्याचे तोंड कोणीकडे, एवढे लिहिण्यास कोणत्याही मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हा मजकूर प्रबंधिकेच्या रूपाने सिद्ध करावा, अशी माझी सूचना आहे. सुरुवात पडणपासून करावी, कारण संरक्षित लेणे आपल्या नावाने टिकेल, परंतु खडकावरील उथळ अक्षरे आणखी किती पावसाळे काढतील हे त्यांच्या नोंदीवर अवलंबून राहणार आहे.

अशा मजकुरात कांदिवलीच्या खाणीचाही समावेश व्हावा. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या बॅकबे भरावासाठी येथील टेकडीचा दगड फोडून रेल्वेने नेण्यात आला. आखलेल्या आठ विभागांपैकी चारच त्या काळी पूर्ण झाले, खर्चाची व कारभाराची मोठी चर्चा झाली, आणि त्या भरावावर पुढे उभ्या राहिलेल्या इमारतींचा २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत अंतर्भाव झाला. तेव्हा पोयसरच्या काठाने निघालेल्या वाचकाने संध्याकाळी चर्चगेटची गाडी धरावी. कांदिवलीच्या टेकडीचा जो भाग त्यास सकाळी जागेवर सापडला नाही, तो तेथे समुद्राच्या कडेला आहे.