एका सामन्याचा मानकरी

अमेरिकेतील बेसबॉलच्या जुन्या नोंदींत विल्यम एडवर्ड व्हाइट या नावापुढे एकच सामना आहे. तारीख २१ जून १८७९. तो चार वेळा फळी घेऊन उभा राहिला, त्यांपैकी एकदा त्याचा फटका साधला. एक धाव झाली. एवढ्याशा भांडवलावर व्याख्यान कसले, असे कोणी म्हणेल. पण जरा थांबा.

ऱ्होड आयलंड संस्थानातील प्रॉव्हिडन्स शहराचा संघ तेव्हा नॅशनल लीगमध्ये, म्हणजे पगारी खेळाडूंच्या वरिष्ठ स्पर्धेत खेळत असे. त्याचा पहिल्या बेसवरचा कसलेला गडी जो स्टार्ट जायबंदी झाला. ब्राऊन विद्यापीठ गावातच होते, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी येलला हरवून महाविद्यालयांचे अजिंक्यपद मिळविले होते. त्यांच्यातला पहिल्या बेसवरचा व्हाइट बोलावला गेला. या जागेचे काम मोठे जिकिरीचे. मैदानातून सोबत्यांनी भिरकावलेला चेंडू बेसवर पाय ठेवून झेलायचा, तोही धावणारा पोचण्यापूर्वी. आणि हातमोजे तर त्या काळी क्वचितच दिसत. त्या दिवशी बारा गडी त्याच्या हातून बाद झाले. क्लीव्हलँडचा संघ हरला. पुढे मात्र व्हाइट त्या लीगमध्ये कधी दिसला नाही.

या शतकाच्या आरंभी बेसबॉलच्या इतिहाससंशोधकांनी विद्यापीठाचे दप्तर चाळले. जन्मगाव निघाले जॉर्जियातील मिलनर, साल १८६०. बाप गोरा जमीनदार, आई हॅना ही त्याची गुलाम. बापाच्या मृत्युपत्रात हॅनाची मुले म्हणून त्याचे आणि त्याच्या बहिणींचे नाव आहे. त्या वेळच्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे व्हाइट जन्मतः गुलाम होता!

वरिष्ठ बेसबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय म्हणून १८८४ साली टोलेडोकडून खेळलेल्या फ्लीट वॉकरचे नाव घेतले जात असे. व्हाइट त्याच्या पाच वर्षे आधीचा. मग वॉकरचा मान काढून घ्यावा काय? मला तसे वाटत नाही. वॉकर उघड्या ओळखीने खेळला. १८८३ साली शिकागोच्या अॅन्सन या कप्तानाने त्याच्याबरोबर खेळण्यास नकार दिला होता, आणि दाराशी जमलेला पैसा बुडेल म्हणूनच तो नमला. पुढे दार बंदच झाले, ते १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने उघडले. व्हाइट आत गेला तो दारवानाने ओळखले नाही म्हणून. गोऱ्या कातडीने त्याला जे दिले, त्याची किंमत आईचे नाते न सांगण्यात होती. ही किंमत जड की वॉकरची, हे तोलणारा तराजू मजजवळ नाही.

व्हाइट पुढे शिकागोस राहिला, गोरा म्हणूनच. १९३७ साली तो वारला. रॉबिन्सन मैदानात उतरायला अजून दहा वर्षे होती.