तळटीप १४ : ‘आजीबाईंशी खडाजंगी’

१४. ‘आजीबाई’ म्हणजे इंग्लंडमधील वाँटेज येथील अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन; पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) पत्रांत त्यांना याच नावाने हाक मारीत. सप्टेंबर १८८३मध्ये रमाबाईंनी कन्या मनोरमेसह वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. उताऱ्यातील खडाजंगी मात्र १८८५ची आहे. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असे घाटत होते, त्यास मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, कारण त्यामुळे हिंदुस्थानात रमाबाईंची पत जाईल असे या धर्माधिकाऱ्यांना वाटत होते. कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या स्त्रीविषयीची ही काळजी अजबच म्हणावी लागेल. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे तसलेच मानेवर घेण्यास आपण राजी नाही, असे रमाबाईंनी जेराल्डिन यांना बजावले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा तंटाही याच पत्रव्यवहारातला. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा पुरस्कार करताना मॉर्मन पंथाच्या धुरीणांवर टीका केल्यामुळे १९७९मध्ये पंथाबाहेर काढल्या गेलेल्या अमेरिकेतील सोनिया जॉन्सन यांच्याशी लेखकाने पुढे केलेली तुलना वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, की रमाबाईंना चर्चने बहिष्कृत केले नाही आणि त्यांनीही ख्रिस्तावरील श्रद्धा सोडली नाही. उलट हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केले.